त्याग की विद्या?

आपल्या बोलण्यात काही वाक्ये अशी असतात की, उच्चारणाऱ्याला ती खोटी वाटत नाहीत आणि ऐकणाऱ्याला ती खरी वाटत नाहीत. 'डॉक्टर होऊन मी खेड्यातल्या गोरगरिबांची सेवा करीन' हे त्यांपैकी एक. मिरजगावसारख्या गावात मास्तरकी करणाऱ्या माणसाला ते दरवर्षी निकाल लागल्यावर गुणगौरवाच्या कार्यक्रमात ऐकावे लागते. सतरा-अठरा वर्षांचे मूल, गळ्यात हार, हातात नारळ, समोर सरपंच आणि आप्तमंडळी. त्या घटकेला ते मूल खोटे बोलत नसते, एवढी साक्ष मी देऊ शकतो. पुढे आठ-दहा वर्षे जातात. त्याच्या नावाची पाटी पुण्याला किंवा नगरला लागते आणि इकडे पारावर निवाडा होऊन जातो: 'शिकला आणि विसरला. आजकालच्या पोरांत त्याग म्हणून राहिला नाही.'

हा निवाडा मला नेहमीच घाईचा वाटत आला आहे. खेड्यात डॉक्टर राहत नाही, ही त्याच्या मनाची उणीव आहे की त्याच्या शिक्षणाची? पहिले उत्तर दिले म्हणजे आपण मोकळे होतो. सगळा दोष त्या तरुणाच्या पदरात पडतो. दुसरे उत्तर खरे असेल तर मात्र त्याला घडविणारे सारेच, म्हणजे कॉलेजे, सरकार आणि तुम्ही-आम्हीही, जबाबदारीत वाटेकरी ठरतो. मला दुसरे उत्तर अधिक खरे वाटते. वैद्यकाचे एकही पुस्तक न उघडलेल्या मास्तराने या विषयात का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण शिकविणे म्हणजे काय आणि शिकविलेले मुलाच्या अंगी का लागत नाही, हा तर आम्हा मास्तरांचा रोजचाच प्रश्न आहे.

आधी या 'त्याग' शब्दाकडे पाहू. ज्याचा त्याग करावयाचा ते मोलाचे असते. तेव्हा 'खेड्यात जाणे हा त्याग आहे' असे म्हणताना आपण नकळत कबूल करतो की, खेडे ही नुकसानीची जागा आहे; तेथे बुद्धी गंजते, विद्या वाया जाते, मुलाबाळांचे हाल होतात. असे म्हणून झाल्यावर त्याच तोंडाने आपण तरुणाला तेथे जा म्हणतो. मग जे थोडे जातात ते आपल्या लेखी संत ठरतात. हेमलकसा, गडचिरोली, मेळघाट ही आता आपली तीर्थक्षेत्रे झाली आहेत. आपण बस करून जातो, दर्शन घेतो, डोळे पुसतो आणि परत येतो. त्या माणसांचे काम थोर आहे, यात शंका नाही. पण संत मानण्यात एक सोय असते: ज्याला संत म्हटले त्याच्यासारखे वागण्याची सक्ती इतरांवर राहत नाही.

शिवाय हा त्याग आपण मागतो तरी कोणाकडे? पुण्याच्या नामांकित डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर झाला तर 'तू खेड्यात का जात नाहीस?' असे त्याला कोणी विचारीत नाही. विचारले जाते ते ज्याच्या आईने दुसऱ्याच्या बांधावर खुरपे चालविले त्या मुलाला. ज्या दारिद्र्यातून तो शिकून वर आला त्यातच 'सेवा' म्हणून परत जा, असे त्याला सांगणे न्यायाचे आहे काय? ज्याच्या घराने आधीच पुष्कळ सोसले आहे त्याच्याचकडे आपण आणखी मागतो, आणि त्याने नकार दिला की त्याला कृतघ्न म्हणतो. ऋण समाजाचे असेल तर ते त्या विद्येने मोठ्या झालेल्या सर्वांवर सारखेच आहे.

सरकारने यावर तोडगा काढला तो बंधपत्राचा. सरकारी कॉलेजात शिकलेल्याने एक वर्ष सरकार पाठवील तेथे काम करावे, नाहीतर दंड भरावा, असा महाराष्ट्रात नियम झाला. हेतू वाईट नव्हता. पण दंड भरून सुटका करून घेण्याची वाट अनेक वर्षे उघडी राहिली, आणि कर्तव्याला एकदा भाव लागला की त्याचे कर्तव्यपण संपते. ज्याच्याजवळ पैसा तो सुटला. ज्याच्याजवळ नाही तो दिवस मोजीत राहिला. दिवस मोजणारा डॉक्टर आणि त्याच्यापुढे बसलेली बाई या दोघांनाही एव्हाना कळून चुकलेले असते की, हा येथे नाइलाजाने आला आहे.

आता या मुलाला आपण शिकवितो कसे ते पाहावे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे तो शिकतो. पहिल्या वर्षी त्याच्यासमोर प्रेत असते आणि नंतर खाट. वॉर्डात येणारा रोगी म्हणजे मुळासकट उपटून आणलेले रोप. त्याची जमीन, त्याचे पाणी, त्याचे ऊन यांतले काहीच बरोबर येत नाही. येते ते नाव, वय आणि तक्रार. मी कादंबऱ्या लिहितो. एखाद्या पात्राविषयी मला एवढेच ठाऊक असेल तर मी पहिले प्रकरणसुद्धा पुरे करू शकणार नाही. ती बाई चूल कशावर पेटवते, पाणी कोठून आणते, तिच्या पदराच्या गाठीला किती पैसे आहेत, घरात सगळ्यांत शेवटी जेवते कोण, हे कळल्यावाचून तिची गोष्ट पुढे सरकत नाही. तिचा आजार तरी तेवढ्यावाचून कसा कळावा?

मोठ्या रुग्णालयात तो शिकतो ते सारे तेथल्या साधनांच्या आधाराने. रक्ताचा अहवाल तासाभरात येतो, फोटो काढता येतो, अडले तर शेजारच्या खोलीत वडीलधारे डॉक्टर असतात. अशा तरुणाला एके दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खुर्चीवर एकटे बसविले जाते. दाराशी शंभर माणसांची रांग. त्यात जुलाबाने डोळे खोल गेलेले मूल, नाग चावलेला गडी, आणि अंगात रक्त नाही तरी परवा ऊसतोडीला निघालेली लेकुरवाळी. त्याला येथे जी विद्या लागते ती त्याला कोणी दिलेलीच नसते. तो घाबरतो, आणि ते कोणाला सांगण्याची त्याला लाज वाटते. गणिताच्या तासाला पोट दुखते म्हणून घरी पळणारे मूल आम्ही मास्तर ओळखतो. ते आळशी नसते, त्याला मागचे समजलेले नसते. खेड्यातून पळणाऱ्या पुष्कळ डॉक्टरांना आपण स्वार्थी म्हणतो, तेव्हा त्यांची भीती आपल्याला दिसत नाही.

ही गोष्ट शहाण्या माणसांना दिसली नव्हती असे नाही. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 साली आपला अहवाल दिला. देशाला रोग बरा करण्याबरोबर तो टाळण्याचाही विचार करणारा, समाजाकडे पाहणारा डॉक्टर हवा, असे त्यात म्हटले होते आणि त्यासाठी तीन महिन्यांच्या वेगळ्या शिक्षणाची शिफारस केली होती. त्याच समितीने लायसेन्शिएट डॉक्टरांचा कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करावा असा सल्ला दिला. काही सभासदांनी त्यावर भिन्न मत नोंदविले. हा वाद आजही मिटलेला नाही: खेड्याला लवकर तयार होणारा डॉक्टर द्यावा की पूर्ण शिकलेला? पुढे 1975 साली श्रीवास्तव समिती आली, 1977 साली कॉलेजे खेड्यांशी जोडण्याची योजना निघाली. कागद उत्तम होते. पण बहुतेक ठिकाणी या शिक्षणाची सहल झाली. गाडी सकाळी गावात येई, मुले वह्या घेऊन उतरत, संडास किती आणि विहिरी किती ते लिहून घेत, आणि दुपारी गाडी परत जाई. गाव पाहून झाले, पण गावाशी ओळख झाली नाही.

मुळात डॉक्टर गावाजवळ आला म्हणजे प्रश्न सुटला, हीच समजूत पुरती खरी नाही. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या शेकडो-हजारो बायकांची गर्भाशये, त्यांतील कित्येकींची ऐन तरुण वयात, काढून टाकलेली आहेत, हे 2019 साली उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेथे डॉक्टर नव्हता काय? होता. शस्त्रक्रियेचे कौशल्य होते, यंत्रे होती. काहींच्या बाबतीत लोभ असेल. लोभाचा बंदोबस्त कायद्याने करावा. पण जरा खोल पाहिले तर त्या बाईच्या दुखण्याचा उगम तिच्या जगण्यात होता. फडात ना आडोसा ना पाणी, पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायची, आणि एक दिवस चुकला तर खाडा. पोटात दुखते म्हणून ती येते, आणि तिचे जगणे न विचारता तिच्या पोटावर सुरी चालते. हात तयार असून डोळा तयार नसला म्हणजे विद्येने काय होते, ते याहून स्पष्ट दिसणार नाही.

मग डोळा तयार कोठे होतो? यासाठी फार लांब जायला नको. आमच्या कर्जत तालुक्याला लागूनच जामखेड तालुका आहे. याच जिल्ह्यात जन्मलेले, शिक्षक आई-वडिलांचे चिरंजीव डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. पुढे अमेरिकेत जाऊनही शिकून आलेले. जामखेडला त्यांना जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. थोड्याच दिवसांत 1972 चा दुष्काळ पडला. औषधे घेऊन आलेल्या या डॉक्टरांना लोकांनी सांगितले की, आम्हाला आधी पाणी हवे, आधी धान्य हवे. येथे दुसरा एखादा म्हणाला असता, हे माझे काम नव्हे. आरोळे दांपत्याने मात्र हेच आपल्या वैद्यकाचे पहिले प्रकरण मानले. कूपनलिका खणल्या, हातपंप बसले. आणि दलित वस्तीत पंप बसला की गावाला पाणी भरायला तेथे यावे लागे. पाण्याने जुलाब थांबले आणि त्याबरोबर शिवाशिवीची गाठही थोडी सैल झाली.

आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या, पण ते जमले नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी गावाला आपली वाटेना आणि तिचेही मन रमेना. मग गावातलीच एखादी प्रौढ बाई निवडावी असे ठरले. पुष्कळजणी निरक्षर, कित्येकजणी दलित. दर आठवड्याला जामखेडला यायचे, शिकायचे, गावी जाऊन करून पाहायचे, आणि पुढच्या आठवड्याला अडचणी घेऊन परत यायचे. बाळंतपण, मुलांची वजने, लसी, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठाची ओळख, असे सारे त्या शिकल्या. काम सुरू झाले तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांमागे पावणेदोनशेच्या घरात मुले वर्षाच्या आत दगावत. 1990 नंतरच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या एका ग्रंथात जामखेडची हकीकत आली, आणि 1978 साली अल्मा-आता येथे जगातल्या राष्ट्रांनी 'सर्वांसाठी आरोग्य' हा ठराव केला तेव्हा ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव त्यामागे होता त्यांत जामखेड होते. या दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. शहराला तज्ज्ञ डॉक्टर आणि खेड्याला अंगठाबहाद्दर बाई, हा कोणता न्याय? गरिबाला दुय्यम औषध देण्याचेच हे गोंडस नाव नव्हे काय? बाईला नेमून डॉक्टर मोकळा झाला असता तर हा आक्षेप बिनतोड होता. जामखेडला तसे झाले नाही. बाईच्या पाठीशी फिरते पथक होते, त्याच्या पाठीशी शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय होते आणि तेथे आरोळे स्वतः उभे होते. आणि विद्या केवळ वरून खाली वाहत नव्हती. मूल का वाळते, सून दवाखान्यात का येत नाही, कुष्ठरोगी कोठे लपला आहे, हे डॉक्टरांना त्या बायकांनी शिकविले. पुढे देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांच्या वर्गात शिकवायला त्याच उभ्या राहिल्या. लंडन-अमेरिकेचे पदवीधर जमिनीवर बसून लुगड्यातल्या बाईचे बोलणे उतरून घेत आहेत, हे दृश्य आमच्या शेजारी वर्षानुवर्षे घडत आले.

अशा बायकांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहात भव्य झुंबरे होती. त्यांच्याकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की, मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे सुंदर, पण महागडे आणि हाती न लागणारे आहेत. मग त्यांनी वातीचा एक साधा दिवा पेटविला आणि त्यावरून दुसरा पेटवून दाखविला. झुंबराला हे करता येत नाही. दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरी ही गोष्ट लहान मूलही जाणते: एकाच पणतीवरून साऱ्या पणत्या लावतात आणि त्या पहिलीचे काही उणे होत नाही. मला त्यातला वैद्यकशिक्षणाचा अर्थ महत्त्वाचा वाटतो. ज्या डॉक्टराला आपली विद्या दुसऱ्याच्या हाती देता येते तो एकटा पडत नाही. त्याच्यासमोरच्या रांगेतले काम वाटले जाते आणि त्याची भीती ओसरते. पण देणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती साडेपाच वर्षांत फारसे कोणी शिकवीत नाही.

विदर्भात सेवाग्रामला हे शिकविण्याचा निराळा प्रयत्न झाला. गांधीजींच्या डॉक्टर राहिलेल्या आणि 1962 ते 1967 या काळात देशाच्या आरोग्यमंत्री असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधी-शताब्दीच्या वर्षात, तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. नव्या विद्यार्थ्याने प्रथम काही दिवस आश्रमात राहावे, आपल्या वर्गाने एक गाव दत्तक घ्यावे, तेथे मुक्काम करावा आणि पुढेही त्याच घरांकडे जात राहावे, अशी तेथली रीत. तेथून बाहेर पडलेला प्रत्येकजण खेड्यात राहिला, असे कोणी म्हणणार नाही. शिक्षणाने माणूस बांधला जात नाही, आणि जाऊही नये. पण ज्याने एका घराचे पाच वर्षांचे सुखदुःख पाहिले तो शहरात बसला तरी समोरच्या माणसाला विचारील, 'बाबा, घरी कोण आहे?' आता 2022 सालापासून देशातल्या सगळ्याच वैद्यकीय विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन शिकत असताना त्यांच्याकडे जात राहावे, असा नियम झाला आहे. नियम चांगला आहे. त्यातून वह्या भरतील की माणसे जोडली जातील, हे शिकविणारे कोण आणि कसे यावर ठरेल.

जेथे गरज सर्वांत अधिक तेथेच चांगले वैद्यक सर्वांत कमी पोचते, असे साउथ वेल्समधील खाणकामगारांच्या खेड्यात आयुष्य घालविलेले डॉ. ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली लिहिले. सधन देशाचाही हा अनुभव. तेव्हा हे पाणी आपोआप उताराकडे येणार नाही. पाट काढावाच लागेल. तो काढणे हे काम एकट्या तरुणाच्या त्यागावर सोपविणे हा मला अन्याय वाटतो, आणि अन्यायाइतकाच तो मूर्खपणाही वाटतो.

यात आपला वाटा कोणता, हेही घरातल्या सगळ्यांनी बसून बोलण्यासारखे आहे. 'सुई नको, पाणी उकळून प्या' असे सांगणारा डॉक्टर आपल्याला हुशार वाटत नाही. सलाईनची बाटली टांगणारा वाटतो. मुलगी द्यायची वेळ आली की खेड्यातल्या डॉक्टरापेक्षा शहरातला डॉक्टर आपल्याला उजवा दिसतो. नव्या डॉक्टरीणबाई गावात आल्या तर त्यांना राहायला धड खोली मिळाली काय, रात्री-अपरात्री निघाल्या तर सोबत कोण, हे आपण विचारीत नाही. एखादा रोगी दगावला की मात्र दगड घेऊन सगळे हजर. विद्यार्थ्याला शिकविण्याचे काम गावाचेही असेल, तर गावानेही शिक्षकासारखे वागले पाहिजे. आलेल्या पोराला ओसरीवर बसवावे, चहा द्यावा, खरे सांगावे आणि त्याने खरे सांगितले तर ऐकावे.

दिवाळी झाली की आमच्या भागातून टोळ्या हलतात. कोयते, भांडीकुंडी, शेळी आणि पोरे ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत चढतात. घरांना कुलपे लागतात आणि मागे म्हातारी माणसे उरतात. एखाद्या वैद्यकीय कॉलेजच्या गुरुजींनी आपली दहा-वीस मुले या दिवसांत येथे मुक्कामाला आणावीत. कोणत्या लेकराची लस राहिली आणि ते आता कोणत्या कारखान्याच्या फडावर सापडेल, कोणती बाई गरोदर असून निघाली आहे, मागे राहिलेल्या आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणून देणार, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलांनी शोधावीत. पुढे त्यांनी कोठे राहावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. पण त्या वेळी खेडे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असेल, आणि तेथे लागणारी विद्या शहरातल्या विद्येहून हलकी नाही, एवढे त्यांना पक्के कळलेले असेल.